अल्थिया गिब्सनच्या विजयामागचा समाज

टेनिस हा एकट्याचा खेळ आहे असे मानले जाते. जाळीच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. क्रिकेटसारखे दहा साथीदार नाहीत, कबड्डीसारखी हातात हात घालून केलेली साखळी नाही. सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूशी बोलायचे नाही, असाच या खेळाचा नियम कित्येक दशके होता. त्यामुळे जो जिंकला तो स्वतःच्या गुणवत्तेवर जिंकला आणि जो हरला तो स्वतःच्या दोषाने हरला, असा निकाल देऊन मोकळे होणे येथे फार सोपे जाते. ‘मेरिट’ नावाचे जे तत्त्वज्ञान प्रस्थापितांनी वर्षानुवर्षे आपल्या माथी मारले आहे, त्याला टेनिससारखे सोयीचे उदाहरण दुसरे सापडणार नाही. म्हणूनच त्या तत्त्वज्ञानाची झडती टेनिसच्याच मैदानावर घेतली पाहिजे.

६ जुलै १९५७ रोजी विंबल्डनच्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात अल्थिया गिब्सन हिने आपल्याच देशाच्या डार्लीन हार्ड हिचा ६-३, ६-२ असा पराभव केला. राणी एलिझाबेथने स्वतः तिच्या हाती चषक दिला. विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. पाच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून तिची मिरवणूक निघाली आणि उंच इमारतींच्या खिडक्यांतून तिच्यावर कागदी पट्ट्यांचा वर्षाव झाला. हार्लेमच्या रस्त्यावरची एक उनाड पोर जिद्दीच्या जोरावर थेट राणीपर्यंत पोहोचली, अशी ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. कथा खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. त्या पोरीच्या हातात रॅकेट कोणी दिली, तिच्या क्लबची वर्गणी कोणी भरली, तिला दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला टेबल कोणाच्या घरात मिळाले, हे प्रश्न त्या कथेत कोणी विचारत नाही.

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील सिल्व्हर या खेड्यात झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. मंदीच्या काळात हे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. त्यांच्या घराजवळचा १४३व्या रस्त्याचा एक तुकडा पोलिसांच्या क्रीडा संघटनेने मुलांना खेळण्यासाठी वाहनांना बंद केला होता. तेथे लाकडी फळीने खेळायचे ‘पॅडल टेनिस’ चालायचे. शाळा बुडवणारी, वडिलांचा मार खाणारी अल्थिया त्या खेळात १९३९ साली शहराची मुलींची विजेती झाली. त्या रस्त्यावर मुलांना खेळवण्याचे काम बडी वॉकर नावाचा एक वादक करीत असे. त्याने स्वतःच्या खिशातून तिला जुन्या रॅकेट घेऊन दिल्या आणि हार्लेममधल्याच कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबवर नेले. हा क्लब कृष्णवर्णीयांमधल्या सुखवस्तू लोकांचा होता. वर्गणी अल्थियाच्या बापाला परवडणारी नव्हती. ती लोकांनी गोळा करून भरली. एक हात गमावलेले फ्रेड जॉन्सन हे तेथले प्रशिक्षक तिला शिकवू लागले. रोडा स्मिथ या सभासद बाईंनी टेनिसचा पहिला पोशाख विकत घेऊन दिला.

येथे थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील गोऱ्यांच्या टेनिस संघटनेने आपल्या स्पर्धांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद ठेवले होते. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या क्लबांनी एकत्र येऊन ३० नोव्हेंबर १९१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये ‘अमेरिकन टेनिस असोसिएशन’ ही आपली स्वतंत्र संघटना उभारली. याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आटोपून लंडनला गेले. ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. १९१७ साली बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमध्ये या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. डॉक्टर, शिक्षक, महाविद्यालयांतली मंडळी, धंदेवाईक, असे पुढे गेलेले लोक या कामात होते. गोऱ्यांची हॉटेले आपल्या खेळाडूंना उतरू देत नाहीत म्हणून हे लोक कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत स्पर्धा घेत, वसतिगृहांत आणि एकमेकांच्या घरी खेळाडूंची सोय करीत. गोऱ्यांनी कधी दार उघडले तर तोपर्यंत आपला खेळाडू तयार असला पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. तीस वर्षे दार उघडले नाही, तरी त्यांनी स्पर्धा एक वर्षही केवळ रडगाणे गाण्यासाठी भरवली नाही.

१९४६ साली या संघटनेच्या महिला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अल्थिया हरली. मुलींच्या गटात दोनदा जिंकलेली ही पोर मोठ्यांच्या गटात कमी पडली म्हणून तिचे काही पाठीराखे नाराज झाले. पण प्रेक्षकांत दोन डॉक्टर होते. उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टनचे डॉ. ह्युबर्ट ईटन आणि व्हर्जिनियातील लिंचबर्गचे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. त्या दोघांनी जी योजना तिच्यापुढे मांडली ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. अल्थियाने शाळा सोडून दिलेली होती. वय जवळजवळ एकोणीस. तिने विल्मिंग्टनला ईटन यांच्या घरी राहून हायस्कूल पुरे करायचे, त्यांच्या अंगणातल्या कोर्टवर रोज खेळायचे आणि उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याकडे जाऊन त्यांच्याबरोबर संघटनेच्या स्पर्धा खेळत फिरायचे. खर्च दोघांचा. जायचे की नाही याचा निर्णय तिला होईना. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन तिच्या ओळखीचा होता. त्याने तिला जा म्हणून सांगितले. ती गेली. १९४९ साली विलिस्टन हायस्कूलमधून उत्तीर्ण झाली आणि पुढे शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून १९५३ साली पदवीधर झाली. मधल्या काळात, १९४७ पासून १९५६ पर्यंत, संघटनेचे महिला विजेतेपद तिने सलग दहा वर्षे कोणाला मिळू दिले नाही.

हरलेल्या मुलीला घरात घेतले गेले, ही यातली मुख्य गोष्ट आहे. जिंकल्यावर तर सगळेच येतात. आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल लागला की गुणगौरव सोहळ्यांचा हंगाम सुरू होतो. शाल, पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र आणि पाहुण्यांची लांबलचक भाषणे. त्या मंचावर अर्थातच उत्तीर्ण झालेलीच मुले असतात. चार गुणांनी राहिलेला, परीक्षेच्या महिन्यात खोलीचे भाडे थकलेले असल्यामुळे मित्रांच्या खोल्या बदलत फिरलेला मुलगा त्या मंचाच्या आसपासही नसतो. हे सोहळे करू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण त्यांना ‘समाजाचा आधार’ हे नाव देताना थोडे थांबावे.

आधार या शब्दाचा अर्थ किती मोघमपणे वापरला जातो, याचा विचार क्रीडामानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही केला आहे. ब्रिटनमधील टिम रीस, ल्यू हार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी स्पर्धात्मक टेनिस खेळणाऱ्यांवर जे काम केले, त्याचे निबंध १९९९ आणि २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी आधाराचे चार प्रकार वेगळे काढले. पहिला मायेचा : दुःखात जवळ कोणी असणे. दुसरा विश्वासाचा : तुझ्यात ताकद आहे हे सांगणारे कोणी असणे. तिसरा माहितीचा : कोठे चुकते, काय करावे हे नेमके दाखवणारे कोणी असणे. चौथा प्रत्यक्ष मदतीचा : पैसा, प्रवास, सामान, राहण्याची सोय. या आधाराचा संबंध खेळाडूच्या कामगिरीच्या अंगांशी आहे असे त्यांना दिसले. पण सर्वांत महत्त्वाची बाब जुळणीची आहे. अडचण ज्या जातीची, आधारही त्याच जातीचा हवा. ज्याचा बॅकहँड बिघडला आहे त्याला सहानुभूती देऊन बॅकहँड सुधारत नाही आणि ज्याच्याकडे प्रवासभाडे नाही त्याला उपदेश करून गाडीचे तिकीट मिळत नाही. जुळणारा आधार असला तर दडपणाचा घाव खेळावर कमी बसतो. ही पाहणी खेळाडूंनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर उभी आहे. त्यामुळे आधार दिला की विजय ठरलेलाच, असा बाजारू अर्थ तिच्यातून कोणी काढू नये.

आपल्याला तरी हे नवे कोठे आहे? केळुस्कर गुरुजींनी भीमरावांच्या हाती पुस्तक दिले आणि सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. दोघांनी दिलेल्या गोष्टी वेगवेगळ्या होत्या आणि दोन्ही त्या त्या वेळी हव्या होत्या. बाबासाहेबांची प्रज्ञा त्यामुळे तसूभरही कमी ठरत नाही. मग खेळाडूच्या बाबतीत आधार मान्य केला की त्याची गुणवत्ता उणी होते, असे आपण का समजावे?

आता १९५० सालच्या फॉरेस्ट हिल्सकडे येऊ. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा न्यूयॉर्कमधल्या या क्लबवर होत असे. कृष्णवर्णीय संघटनेचे पदाधिकारी वाटाघाटी करीत होते, गोरी संघटना वेळ काढीत होती. जुलै महिन्यात माजी विजेती अॅलिस मार्बल या गोऱ्या खेळाडूने एका टेनिस मासिकात खुले पत्र लिहून आपल्याच लोकांच्या दांभिकपणावर कोरडे ओढले. ऑगस्टअखेर अल्थियाला प्रवेश मिळाला. या स्पर्धेत खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय. पहिली फेरी तिने सहज जिंकली. दुसऱ्या फेरीत समोर आली त्या वर्षीची विंबल्डन विजेती लुईस ब्रफ. पहिला सेट ब्रफने ६-१ असा घेतला, दुसरा अल्थियाने ६-३ असा परत मिळवला. तिसऱ्या सेटमध्ये अल्थिया ७-६ अशी पुढे होती. विजयाला एक गेम हवा होता. त्याच वेळी आभाळ फाटले. विजेच्या तडाख्याने स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली कोसळला. सामना दुसऱ्या दिवसावर गेला. रात्रभर एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या मनावर काय ओझे असेल? ब्रफ हरली असती तर एक सामना हरली असती. अल्थिया हरली तर तिच्या संपूर्ण समाजाची लायकी मोजली जाणार होती. दुसऱ्या दिवशी ओळीने तीन गेम गेले आणि सामना ९-७ असा ब्रफच्या खात्यात पडला.

समाजाच्या पाठबळाची ही दुसरी बाजू आहे आणि चळवळीच्या लोकांनी ती डोळसपणे पाहिली पाहिजे. पाठीवर ठेवलेला हात केव्हा पाठीवरचे ओझे होतो, ते ठेवणाऱ्याला कळत नाही. पुढची पाच वर्षे अल्थियाला एकही मोठे विजेतेपद मिळाले नाही. कृष्णवर्णीयांच्याच नियतकालिकांतून तिच्याविषयी निराशेचा सूर उमटू लागला. आपण आपल्यासाठी खेळतो, वंशाची प्रतिनिधी म्हणून मैदानात उतरत नाही, असे ती म्हणे. तेही अनेकांना खुपले. १९५७ साली जग जिंकल्यावरही तिच्यावर या कारणाने टीका झाली. टीकाकारांची तळमळ मी समजू शकतो. तो काळ माँटगोमेरीच्या बस बहिष्काराचा होता, प्रत्येक शब्द तोलला जात होता. तरीही वाटते की, ज्या मुलीने बंद दारातून पाऊल आत टाकले तिच्याकडे त्यापुढे भाषणाचीही मागणी करणे जरा जास्तच होते. तिचे काम तिच्या सर्व्हिसने केले होते.

त्या वाईट काळात ती खेळ सोडून सैन्याच्या महिला दलात जाण्याच्या बेतात होती. तिला कोणाच्या जयघोषाची गरज नव्हती. तिला गरज होती दोन गोष्टींची. एक, खेळातला दोष काढणारा माणूस. तो हार्लेममध्येच भेटला. सिडनी ल्युएलिन या प्रशिक्षकाने तिची रॅकेट धरण्याची पद्धत बदलली आणि कोर्टवर कोठे उभे राहायचे याची शिस्त लावली. दुसरी गरज सातत्याने सामने खेळण्याची. ती भागली एका सरकारी दौऱ्याने. १९५५च्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चार खेळाडूंचा एक संघ आशियात सदिच्छा दौऱ्यावर पाठवला, त्यात अल्थिया होती. त्याच ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला होता आणि अमेरिकेची जगभर छी थू चालली होती. तेव्हा एका कृष्णवर्णीय मुलीला पुढे करण्यामागचा सरकारचा हेतू काय असेल, हे सांगायला नको. पण तिने संधी वाया घालवली नाही. भारत, सिलोन, ब्रह्मदेश, पाकिस्तान असे देश फिरत ती खेळत राहिली, जिंकत राहिली.

भारतातल्या त्या दौऱ्यात तिची आणि अँजेला बक्स्टन या इंग्लिश खेळाडूची गट्टी जमली. बक्स्टन ज्यू होती आणि ज्यू म्हणूनच लंडनच्या एका क्लबने तिला सभासदत्व नाकारले होते. दोघींशी दुहेरीत जोडी करायला कोणी फारसे उत्सुक नव्हते, म्हणून दोघींनी एकमेकींशी जोडी केली. १९५६ साली या जोडीने फ्रान्सची आणि विंबल्डनची दुहेरी जिंकली. त्याच वर्षी अल्थियाने फ्रान्सची एकेरीही जिंकली. ग्रँड स्लॅम स्पर्धेतले हे कोणाही कृष्णवर्णीय खेळाडूचे पहिले विजेतेपद होय. १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डन आणि अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तिच्याकडे राहिली. एकूण अकरा ग्रँड स्लॅम किताब.

लिंचबर्गचे डॉ. जॉन्सन मात्र एका अल्थियावर थांबले नाहीत. उन्हाळा आला की त्यांचे घर मुलांनी भरून जाई. १९५३ साली तेथे रिचमंडचा एक किडकिडीत मुलगा आला. त्याचे वडील एका सार्वजनिक उद्यानाचे रखवालदार, आई तो सहा वर्षांचा असताना वारलेली. त्याचे नाव आर्थर अॅश. डॉक्टरांची शिस्त कडक होती. रॅकेट फेकायची नाही, पंचाशी वाद घालायचा नाही, रेषेच्या जराशा बाहेर पडलेला चेंडूही आतच धरून खेळायचा. गोऱ्या आयोजकाला आपल्या मुलाला हाकलून देण्यासाठी एकही निमित्त मिळता कामा नये, हा त्यामागचा विचार. आज वाचताना या नियमांत अन्याय गिळण्याचा वास येतो, आणि तो आहेच. परंतु याच कोर्टवर घडलेल्या अॅशने १९६८ साली अमेरिकन ओपन आणि १९७५ साली विंबल्डन जिंकले. १९७१ साली कॅमेरूनमध्ये त्याला अकरा वर्षांचा एक मुलगा खेळताना दिसला. त्याने फ्रेंच टेनिस संघटनेच्या फिलिप शाट्रिए यांना कळवले आणि त्या मुलाची फ्रान्समध्ये शिकण्याची सोय झाली. तो यानिक नोआ. १९८३चा फ्रेंच विजेता.

आधार म्हणजे टाळ्यांचा आवाज, असे समजणाऱ्यांनी २००१ सालचा कॅलिफोर्नियातील इंडियन वेल्सचा अंतिम सामनाही आठवावा. व्हीनस विल्यम्सने दुखापतीमुळे उपांत्य सामना सोडला, तेव्हा बापाने बहिणींचे सामने ठरवून दिले अशी कुजबुज झाली आणि अंतिम सामन्याच्या दिवशी हजारो प्रेक्षकांनी एकोणीस वर्षांच्या सेरेनाची हुर्यो उडवली. वडील रिचर्ड आणि व्हीनस जागेवर येऊन बसत असतानाही तेच. पूर्ण स्टेडियम विरोधात होते, पहिला सेट गेला, तरी तिने किम क्लायस्टर्सला ४-६, ६-४, ६-२ असे हरवले. तिच्या बाजूची माणसे दोन-चारच होती. पण ती आहेत याविषयी तिला खात्री होती. अभ्यासक ज्याला ‘मिळालेला आधार’ आणि ‘असल्याची खात्री’ असे वेगळे करतात, त्यातली ही खात्री. पुढे चौदा वर्षे सेरेनाने त्या स्पर्धेत पाऊल ठेवले नाही.

अल्थियाची गोष्ट विंबल्डनवर संपत नाही. त्या काळी हौशी टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम नव्हती. चषकाने घरभाडे भरता येत नाही. १९५८ नंतर तिने ते टेनिस सोडले, बास्केटबॉलच्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघाबरोबर गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळली, एक गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली, १९६४ साली महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यातली पहिली कृष्णवर्णीय खेळाडू झाली. स्थिर उत्पन्न यातल्या कशानेच दिले नाही. १९९०च्या दशकात मेंदूच्या आघाताने ती खचली. न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंज गावी ती राहत होती. भाडे आणि औषधे, दोन्हींना पैसे पुरत नव्हते. कोणाकडे हात पसरण्याचा तिचा स्वभाव नव्हता आणि विचारपूस करणारे फारसे उरले नव्हते. १९४६ साली तिच्यासाठी दोन डॉक्टर होते. आता कोण होते? ज्या देशाने तिला ब्रॉडवेवरून मिरवले तो देश कोठे होता?

तिने इंग्लंडला अँजेला बक्स्टनला फोन लावला. आपल्याला आता जगायचे नाही, असे तिने सांगितले. बक्स्टनने आधी स्वतः पैसे पाठवले आणि मग अल्थियाच्या नकळत एका टेनिस मासिकाला तिच्या परिस्थितीविषयी पत्र लिहिले. ते छापून आल्यावर देशोदेशीच्या टेनिस खेळणाऱ्यांची आणि पाहणाऱ्यांची पाकिटे ईस्ट ऑरेंजच्या पत्त्यावर येऊ लागली. जमलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या घरात गेली असे सांगतात. थकलेली बिले भरली गेली. २८ सप्टेंबर २००३ रोजी अल्थिया गिब्सनचे निधन झाले, तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती. अमेरिकन ओपनच्या आवारात तिचा पुतळा बसला तो २०१९ साली.